ललिताबाईंनी मागे घेतलेला धडा

नांदगाव खंडेश्वरच्या ललिता वानखडे यांनी अमरावतीच्या एका परिचर्या विद्यालयात सव्वीस वर्षे रुग्णाची पाठ चोळायला शिकवले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर लाली दिसली की स्पिरिट लावायचे, गोल चोळायचे, वर पावडर. त्यांनाही हेच शिकवले गेले होते. कोणतीही गोष्ट पारखूनच स्वीकारावी, हे त्या लहानपणापासून बुद्धविहारात ऐकत आल्या होत्या. या एका गोष्टीला ती पारख त्यांनी लावली नव्हती.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असता परिचारिकांना पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. तयारीसाठी वाचताना उमगले, की दाबाने आधीच दुखावलेली त्वचा चोळल्यास आतली इजा वाढू शकते. कूस बदलून दाब काढणे हाच उपाय. हे नवी माहिती म्हणून सांगून मोकळे होता आले असते. स्वतःची चूक म्हणून सांगायचे की नाही, या प्रश्नाने त्यांची दोन दिवस झोप उडवली.

पहिला वर्ग अकोल्याच्या एका रुग्णालयात झाला. चोळणे बंद, हे ऐकताच मागून कुणीतरी "मनगटं वाचली" म्हणाले आणि वर्ग हसला. वॉर्डप्रमुख संध्या, त्यांची जुनी विद्यार्थिनी, हसली नाही.

"मॅडम, तुमीच तर हात धरून शिकवलं मले. नीट चोळलं नाही म्हनून तासभर उभं ठेवलं होतं."

"हो. मी चुकीचं शिकवलं."

"मंग आजवर ज्याईच्या पाठी चोळल्या, त्याईचं काय?"

"किती जनाईले इजा झाली, मले माहीत नाही," ललिताबाईही तिच्याच बोलीत म्हणाल्या. " कोनी पाहिलंच नाही. मी बी नाही."

वर्ग संपल्यावर संध्या त्यांना वॉर्डात घेऊन गेली. तेथे अर्धांगवायू झालेल्या तेल्हाऱ्याच्या गोदाबाई होत्या. पाठ लाल झालेली. सून रूपाली सकाळपासून चोळून द्या म्हणून मागे लागली होती.

"हिले तुमीच सांगा," संध्या म्हणाली.

चोळायचे नाही, असे ललिताबाईंनी सांगितले. "हात दुखते का सिस्टर तुमचे?" रूपालीने विचारले. त्यांनी लालीवर बोट दाबून उचलले. जागा पांढरी पडली नाही. इजा आत सुरू झाल्याची ही खूण आहे, आणि अशा पाठी आपण स्वतः वर्षानुवर्षे चोळल्या, हेही त्या बोलल्या.  मग रूपालीने सासूला कुशीवर कसे वळवायचे ते विचारले.

वळवून झाल्यावर संध्याने कूस बदलल्याची नोंद आणि पुढची वेळ कागदावर लिहिली आणि तो सहीसाठी ललिताबाईंपुढे धरला.