बाबा हसतात तेव्हा

बाबांना लकवा मारला तेव्हापासून आमच्या चारकोपच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यांचा उजवा हात निकामी झाला होता, शब्द तोंडातच अडखळत होते. मग एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि बाबा खदखदून हसले. बायको हातातल्या झाऱ्यासकट बाहेर धावली. आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर हसलो. हसून झाल्यावर माझे खांदे सैल पडले. किती दिवस मी ते आवळून चालत होतो, ते तेव्हा कळलं.

मी तेव्हा सेक्टरच्या बागेतल्या हास्यक्लबात जायचो. ब्लड प्रेशरसाठी कोणीतरी सुचवलं होतं. हात वर करायचे आणि कारण नसताना हसायचं. आधी लाज वाटायची, मग सवय लागली. छाती मोकळी व्हायची, दुपारपर्यंत कोणावर खेकसावंसं वाटायचं नाही. क्लब चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकांना मी बाबांबद्दल सांगितलं.

"अहो, मग घरात काय बसवून ठेवलंय? आणा की त्यांना!"

मी आणलं. सगळ्यांनी बाबांची व्हीलचेअर गोलाच्या मधोमध ठेवली आणि हसायला सुरुवात केली. बाबाही हसले. आम्ही थांबलो तरी ते हसतच होते. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, श्वास पुरेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, आजोबा कसे खुलले!" मी व्हिडिओ काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. घरी आल्यावर बाबा दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दमले असतील, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं.

बायको एकदा म्हणाली, "अरे, त्यांना आवडतंय ना नक्की? मला नाही वाटत."

"हसतायत ना? अजून काय पाहिजे तुला?"

मला ते हवं होतं, हे खरं. बाबा हसले की मी सुटायचो. आपण नीट करतोय सगळं, असं वाटायचं. त्यांना विचारण्याइतका धीर माझ्यात नव्हता. त्यांचं बोलणं समजायला फार वेळ लागतो, असं कारण मी देत राहिलो.

मग बोरिवलीच्या आत्याचे यजमान गेले. आत्या बाबांची धाकटी बहीण, एकुलती एक. भावाने भेटायला जायलाच हवं, म्हणून मी बाबांना रिक्षात घालून नेलं. खोलीत बायका बसल्या होत्या, फोटोला हार घातलेला. आत्या उठली, बाबांच्या गळ्यात पडली. आणि बाबा हसायला लागले. मोठमोठ्याने, थांबता थांबेनात.

आत्या मागे सरकली. "माझ्या घरातलो माणूस गेलो, नि तू दात काढतंस?"

आतेभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, मामांना बाहेर घे ना, प्लीज."

मी व्हीलचेअर लिफ्टजवळ आणली. ओशाळून बाबांवरच ओरडलो, "बाबा, बस ना आता!" त्यांनी डाव्या हाताने माझा शर्ट पकडला. हसणं ओसरल्यावर, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माका हसूचा नाय रे. आपसूक येता."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की लकव्यात मेंदूला इजा झाल्यावर काहींचं असं होतं. आत दुःख असलं तरी बाहेर हसू फुटतं, कधी काहीच नसताना फुटतं. आवरणं त्यांच्या हातात नसतं. औषध आहे, थोडा फरक पडेल.

"हसून झाल्यावर कसं वाटतं, विचारलंय का त्यांना?"

मी औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

घरी येऊन ग्रुपवरचा व्हिडिओ डिलीट करायला गेलो, तर मुदत उलटल्यामुळे तो आता सगळ्यांच्या फोनवरून निघेना. खाली नातेवाइकांनी टाकलेल्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात आत्याचाही एक.

तेराव्याच्या आधी बाबांना घेऊन पुन्हा बोरिवलीला गेलो. न्यायचं का, हे या वेळी त्यांना विचारलं. त्यांनी मान डोलावली. आत्याने दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. बागेतलंही सांगितलं, लोकांच्या टाळ्यांसकट. माझी चूक बाबांच्या माथी आली, असं म्हणालो.

आत्या बाबांकडे वळली. तिच्याकडे बघता बघता त्यांच्या घशातून तेच हसू पुन्हा वर आलं. माझे हात त्यांच्या तोंडाकडे गेले.

"रवांदे," माझे हात बाजूला सारत आत्या म्हणाली. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांचा लुळा हात मांडीवर घेतला आणि रडायला लागली. बाबा हसत होते, ती रडत होती, आणि कोणीच कोणाला थांबवत नव्हतं. मी दाराशी चपला न काढता उभा होतो. मला ना हसू येत होतं, ना रडू.