मला गाठ आली नाही

धाकटीच्या काखेत प्लेगची गाठ आली, तशी आई तिला कडेवर घेऊन गावाबाहेरच्या झोपडीत गेली. मला आत्याकडे ठेवलं. आत्या रोज लांबच्या दगडावर भाकरी ठेवून हाक मारायची. आई बाहेर यायची, तेव्हाही धाकटी कडेवरच. मला वाटायचं, आई काय हिच्या एकटीचीच आहे?

मी सकाळी उठून माझी काख चाचपायचे.

"काय शोधतेस गं?" आत्याने विचारलं.

"गाठ."

"मरायची हौस आलीय का, सटवे?"

आता मी म्हातारी झालेय. काल दवाखान्यात एक बाई तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी कण्हत होती, आणि मला तिचा हेवा वाटला. या वयात शोभत नाही, पण वाटला.

तेव्हा आई आणि धाकटी दोघीही त्या झोपडीतच वारल्या. मी जगले.