पडद्याआडचा होकार

मी मुबारकबी, पुणतांब्याची मनियारीन. चाळीस वर्सं बांगड्या भरल्या, हिंदूंच्या बायांना भरल्या, आमच्या बायांना भरल्या. कुनाचा हात कवळा, कुनाचा राठ, कुनाचं हाड आडवं येतंय, हे मला डोळे मिटून कळतं. पर ही गोष्ट माझी न्हाई, खातूनची हाय. माझी एकलीची असती तर मी कवाच गिळून बसले असते.

खातून आमच्या गल्लीतल्या पीरमहंमद पिंजाऱ्याची धाकटी बहीन. सोळाव्या वर्सी कोल्हारला दिली, एकोनिसाव्या वर्सी नवरा पटकीनं गेला, पोटी मूल न्हाई. नवऱ्यामागं पाळायचे इद्दतीचे चार म्हैने दहा दिस तिनं सासरीच काढले आन मग भावाकडं आली. पोरगी कामाला लई चटपटीत. गाद्या शिवायची, रजया शिवायची, आन शिवताना इतकी बडबड करायची की पीरमहंमद म्हनायचा, "हिच्या तोंडाला बी कुनी दोन टाके घाला रे." मला ती खाला म्हनायची, म्हंजी मावशी. मला तिच्या बडबडीचं कौतुक हुतं. बांगड्यांची पेटी घेऊन मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसायची.

बेचाळीसच्या साली सासरच्यांनी निरोप धाडला. धाकटा दीर अलीम तिला निकाहात घेतो म्हनला. त्याची पहिली बायको अंथरुनाला खिळलेली, तिचं करायला हक्काचं मानूस पायजे हुतं. आन खातून दुसऱ्या घरी गेली तर मेलेल्या नवऱ्याच्या शेतात वाटा मागंल, ही धास्ती हुतीच. पीरमहंमदनं शब्द दिऊन टाकला. खातूनला कुनी इचारलं न्हाई. तिला काय ते निकाहाच्या दिवशी इचारायचंच असतंय, असं सगळे धरून चालतात.

ते इचारनं कसं असतं ते सांगते. नवरी आत बायांत बसती, मर्द भाईर. नवरीचा वकील म्हनून घरातलं एक जानतं मानूस आन दोन साक्षीदार पडद्यापाशी येत्यात, नवऱ्याचं नाव घेत्यात, रजा, म्हंजी होकार, हाय का म्हनून इचारत्यात. आता तेरा-चौदा वर्सांची पोर, ती मेली काय बोलनार? ती मान खाली घालून बसती. मग शेजारची बाई ओढनीखालून तिच्या मानेवर हात ठेवती, मान जरा वाकवती आन पडद्याकडं तोंड करून सांगती, "हां, दिली रजा." गावात हे काम माझं हुतं. शंभर तरी पोरींच्या माना या हातानं वाकवल्या. बांगडी चढवताना हात दाबावा लागतोच की, तसंच मला ते वाटायचं.

निकाहाच्या दिवशी सकाळी मी खातूनला बांगड्या भराया गेले. लढाईमुळं जपानी काच यायची बंद झालेली. पेटीच्या तळातल्या शेवटच्या हिरव्या बांगड्या मी तिच्यासाठी राखल्या हुत्या. तिनं हात पाठीमागं घेतले. म्हनली, "खाला, मला हा निकाह नको. भाईजानला सांगून थकले. तुमी तरी सांगा. मी गाद्या शिवून खाईन, कुनाला जड हुनार न्हाई."

मी काय म्हनले ठावं हाय? "गप बस. नवरा मेलेल्या पोरीला घर मिळतंय, अल्लाचा शुकर कर." आन तिचे हात पुढं ओढून बांगड्या चढवल्या. दोन फुटल्या.

पडद्याआडून इचारलं. खातून गप. पुन्हा इचारलं, गप. मी मानेवर हात ठेवला. मान ताठ हुती. शंभर पोरींत अशी मान माझ्या हाताला लागली नव्हती. तिसऱ्यांदा इचारलं तवा मी जोर लावला, मान वाकली, आन मी सांगितलं, "हां, दिली रजा." भाईर खजूर वाटले.

अलीमची बैलगाडी कामात अडकलेली, म्हनून पाठवनी आठ दिसांनी ठरली. तिसऱ्या दिवशी खातून एकलीच उठली आन काजी गनीभाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. "मी रजा दिलीच न्हाई," म्हनली.

गनीभाई सरळ मानूस. त्यांनी किताब काढली, दोन दिस वाचली, मग मला बोलावनं धाडलं. मी आपलं चेष्टेवारी न्याया बघितलं. "काय काजीसाहेब, या वयात बांगड्या भरायच्या का?" ते हसले न्हाईत. खातून दाराशी बसलेली हुती.

"मुबारकबी, नीट ऐका," ते म्हनले. "कुंवारी पोर लाजून गप बसली तर शरियत तिचं गप बसनं रजा धरती. पर जी एकदा नांदलीय तिचं गप बसनं चालत न्हाई. तिनं तोंडानं बोलाया पायजे. चूक माझी बी हाय. रिवाजावर चाललो, आधी बजावलं न्हाई. आता तर सरकारनंच कायदा केलाय, आपल्या निकाहाला रिवाज न्हाई, शरियत लागू. साक्षीदार सांगत्यात, आतून होकार आला. तो तिच्या तोंडचा हुता का? तिच्यापाशी तुमी हुता. तुमी न्हाई म्हना, मी हा निकाह धरीत न्हाई. पोरगी भावाकडं राहील."

खातून माझ्याकडं बघत हुती. तिच्या तोंडावर जरा हसू आलं हुतं. तिला वाटलं, खाला आली, आता आपन सुटलो.

मला काय झालं कुनास ठाऊक. न्हाई, ठाऊक हाय, उगा कशाला खोटं बोलू. मला त्या शंभर पोरी आठवल्या. गावभर बोभाटा हुईल, मुबारकबी पदरचे होकार देती. मग कोन मला लग्नघरात बसवील? पीरमहंमद रोज दारावरनं जातो, त्याला काय तोंड दावू? आन असं बी वाटलं, चार दिसांत रमंल पोरगी. मी म्हनले, "बोलली. तोंडानं बोलली. मी ऐकलं."

खातून रडली न्हाई, भांडली न्हाई. माझ्या हातांकडं बघितलं आन उठून गेली. आठव्या दिवशी गाडी आली, तिला कोल्हारला घेऊन गेली.

अलीम वाईट न्हाई. मारत न्हाई, उपाशी ठेवत न्हाई. त्याच्या पहिल्या बायकोचं हगनं-मुतनं खातूननं चार वर्सं काढलं, मग ती गेली. खातूनला दोन लेकरं झाली. मधी स्वराज्य आलं. पर बाजाराला आलेली कोल्हारची एक बाई मला म्हनली, "अलीमची बायको मुकी हाय का वो?" माझ्या खातूनला मुकी म्हनत्यात! त्या दिवसापासून नवरीजवळ बसनं मी सोडलं. दुवा मागाया हात पसरते तर तेच हात समोर येत्यात. लाज वाटती मला त्यांची.

गेल्या साली गनीभाईंकडं गेले आन सगळं ओकले. त्यांनी मला पहिल्यांदा अगंतुगं केलं. "तवा बोलली असतीस. आता दोन लेकरं हाईत, आता तुझं खरं घिऊन मी काय करू? अल्लापाशी तौबा कर. पर हा गुना मानसाचा हाय. त्या मानसानं माफ केल्याबिगर तो सुटत न्हाई. तिच्याकडं जा."

गेले. पेटी डोक्यावर घेऊन कोल्हारला गेले. खातून अंगनात गोधडी शिवत हुती, शेजारची झुंबरबाई जवळ बसलेली. मी तिच्यादेखतच सगळं सांगितलं. "मला माफ केलंस का, बेटी?" म्हनले. खातूननं सुई गोधडीला टोचून ठेवली आन दोन्ही हात पुढं केले. मी बांगड्या भरल्या. हात सैल सोडला हुता तिनं, एक बी फुटली न्हाई. मी दुसऱ्यांदा इचारलं, तिसऱ्यांदा इचारलं. ती आत गेली, मला पानी आनून दिलं आन पुन्हा शिवाया बसली.

झुंबरबाई मला रस्त्यापतुर पोचवाया आली. म्हनली, "आता कशाला रडती, मुबारकबी? हात पुढं केले, पानी दिलं, गप राहिली. म्हंजी माफच केलं की तिनं."

"न्हाई बाई," मी म्हनले, "ती नांदलेली बाई हाय. तिनं तोंडानं बोलाया पायजे."