पद्मा आत्या तेल विसरली नव्हती

बातमी आली तेव्हा मी तिरुचीला ऑफिसात होते. अप्पांचा फोन होता. "पद्मा गेली," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, "गाडीत?" ते म्हणाले, "नाही. घरी. कॉलेजातून आली, कॉफी घेतली, खुर्चीत बसली." हृदय बंद पडलं होतं. नंतर भेटायला आलेल्या पुष्कळ लोकांनीही हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून काहींचा चेहरा किंचित उतरला असं मला वाटलं. ही बाई एक दिवस त्या गाडीत जीव देणार, असं त्यांनी कितीतरी वर्षं सांगून ठेवलं होतं. तिने तो तसा दिला नाही. एवढी गैरसोय ती लोकांची नेहमीच करत आली.

पद्मा आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. तंजावुरात मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कुणाला सांगितलंही नाही. वर्तमानपत्रांत नव्या गाड्यांच्या पानभर जाहिराती यायला लागल्या त्या वर्षांत, शेजारीपाजारी एसी गाडीसाठी नाव नोंदवत असताना, तिने निलगिरीतल्या एका चहामळ्याच्या मॅनेजरकडून जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार घेतली. हिरवी, वरून उघडी, दोनच माणसांची. आमच्या मेलवीथी रस्त्यातून ती निघाली की बसवाले वाट द्यायचे, कौतुकाने नव्हे, घाबरून. आजी म्हणाली, छप्परसुद्धा नाही, एवढे पैसे देऊन अर्धीच गाडी आणलीस.

मद्रासजवळ रेसिंगचा एक ट्रॅक आहे. शर्यत नसेल तेव्हा हौशी लोक तिथे आपापल्या गाड्या आणून चालवतात. त्याला ट्रॅक डे म्हणतात. आत्या तिथे जाऊ लागली आणि मला बरोबर नेऊ लागली. मी कॉलेजात होते, कमी बोलायचे, आणि म्हणूनच तिने मला निवडलं असावं. हेल्मेट घालून शेजारी बसायचं आणि तेलाच्या दाबाच्या सुईवर डोळे ठेवायचे, एवढंच माझं काम. ट्रॅकवर एक लांबच लांब उजवं वळण होतं. त्या वळणात सुई खाली यायला लागायची. सरळ रस्ता लागला की परत वर. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. वळणात तेल कुठे जातं, विचार कर." उत्तर तिने मला नंतर दाखवलं. पण त्याआधी ती गोष्ट घडली, जी लोक अजून हसून सांगतात.

लोक सांगतात ती अशी : प्रोफेसरबाई गाडीत तेल घालायलाच विसरल्या आणि इंजिन जाळून बसल्या. कुठल्याही ट्रॅकवर, कुठल्याही बाईबद्दल सांगता येईल अशी. माझ्यासमोर घडलं ते वेगळं होतं, आणि ते आमच्याशिवाय कुणाच्या बाबतीत घडलंच नसतं.

मद्रासच्या एका कारखान्यात जोगळेकर नावाचे पुण्याचे इंजिनियर होते. ट्रॅकवर मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून ते आत्याच्या मदतीला यायचे, आणि तिच्या मराठीची यथेच्छ थट्टा करायचे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथेच राहिले. त्यांच्याबरोबर आलेले शब्दही राहिले. जोगळेकर म्हणायचे, "बाई, तुमचं बोलणं ऐकलं की वाटतं, आता कुणीतरी घोड्यावर बसून येईल." आत्या म्हणायची, "आलेच आहे की. घोडे बॉनेटखाली आहेत."

आता आमच्या घरात तेल, तांदूळ, मीठ 'संपलं' असं म्हणत नाहीत. अशुभ. संपलं किंवा संपत आलं की 'वाढलं' म्हणायचं. महाराष्ट्रात बांगडी फुटली की वाढली म्हणतात, ते मला पुढे कळलं. पण आमच्याकडे ते स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत पोचलेलं आहे. आत्या फिजिक्स शिकवायची, शुभाशुभ मानत नव्हती, पण जिभेला ते कोण सांगणार? त्या दिवशी दुसऱ्या फेरीआधी तिने इंजिनात तेल मोजायची पट्टी घालून पाहिलं, तेल खुणेच्या खाली गेलं होतं. तेवढ्यात चालकांना सूचना द्यायला बोलावलं. जाता जाता ती म्हणाली, "जोगळेकर, तेल वाढलंय, तेवढं बघा."

जोगळेकरांनी ते पुण्यातल्या अर्थाने ऐकलं : तेल जास्त झालंय. फिजिक्सच्या बाईंनी मोजून सांगितलंय, मग आपण परत कशाला मोजा... त्यांनी खालचा बोल्ट सैल केला आणि थोडं तेल काढून टाकलं. आत्या परत आली. तेलाचा डबा गाडीजवळ होता. तिने विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं." दोघंही खरं बोलत होते.

त्या लांब वळणात सुई पडली ती शून्यावर. मी ओरडले. आत्याने त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि गाडी गवतात जाऊ दिली. तरी आतून ठोकल्यासारखा आवाज आलाच होता. बेअरिंग गेलं होतं. गाडी ओढत आणली तेव्हा तिथल्या कुणीतरी पट्टी काढून पाहिली, ती जवळजवळ कोरडी होती, आणि सगळ्यांना जे पाहायचं होतं ते दिसलं.

जोगळेकर कुंपणापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते म्हणाले, मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो. आत्या म्हणाली, "सांगू नका. आज म्हणतात बाईला तेल कळत नाही. उद्या म्हणतील, भाषाही कळत नाही." मग म्हणाली, "आणि तुमचा दोष अर्धाच आहे. पट्टीवर तेल पुरं असतानाही त्या वळणात सुई हलत होती. माझ्या भाचीने पाहिलंय." माझं नाव साक्षीदार म्हणून पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं.

तंजावुरात परत आल्यावर तिने इंजिन उतरवून घेतलं आणि खालची तेलाची पत्र्याची टाकी, जिला मेकॅनिक चेंबर म्हणतात, आमच्या घराच्या मागच्या अंगणात आणली. मधोमध जाळीचं तोंड ठेवलं, इथूनच पंप तेल ओढतो. जुनं तेल ओतलं आणि मला म्हणाली, "धर, आणि तिरकं कर." वळणात गाडीवर जो जोर येतो, तो असा तिरकेपणाने दाखवता येतो, हे तिने फळ्यावर मांडावं तसं सांगितलं. अर्ध्या काटकोनाच्या जवळ गेलो तेव्हा सगळं तेल एका बाजूला जमलं आणि जाळी उघडी पडली. "बघ," ती म्हणाली. "तेल आहे. पण जिथे हवं तिथे नाही. पंप हवा पितोय." मागून अम्मा ओरडली की अंगण कोण धुणार. आत्या म्हणाली, "तुझी मुलगी. तिला आता भौतिकशास्त्र येतं."

उपाय तिने पापनाशमच्या रस्त्यावर शोधला, असं ती म्हणायची. शेतात पाणी सोडायच्या फाटकासारखे छोटे पत्र्याचे दरवाजे, जाळीभोवतीच्या भिंतींत बसवलेले, आतल्या बाजूलाच उघडणारे. तेल आत येईल, वळणात बाहेर पळायला लागलं की दार आपोआप मिटेल. कुंभकोणमच्या भांड्यांच्या दुकानातून तिने पत्रा कापून, जोडून आणला. शिवाय तेलावर एक आडवा पत्रा, फेस होऊ नये म्हणून. तेल खुणेच्या किंचित वर. सुई लहान असते, घाईत दिसत नाही, म्हणून डोळ्यांसमोर मोठा लाल दिवा. तो लुकलुकला की पाय उचलायचा, कारण शोधायचं नंतर. आणि प्रत्येक ट्रॅक डे झाला की तेलाचा फिल्टर कापून आत झिजलेल्या बेअरिंगचे चकचकीत कण आहेत का ते पाहायचं. ते नसायचे. चेंबर परत तिरका केला तेव्हा आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून पाहत होतो. जाळी बुडालेली राहिली.

इंजिन बांधून पुढच्या मोसमात ती त्याच वळणात गेली. मी शेजारी होते. सुई जागची हलली नाही. तिने वेग वाढवला, टायर किंचाळले, सुई तशीच. खाली उतरल्यावर कुणीतरी म्हणालं, या वेळी आठवणीने तेल घातलेलं दिसतंय. आत्याने हेल्मेट काढलं, केस नीट केले, आणि त्याला विचारलं, तुमच्या गाडीच्या फिल्टरमध्ये काय निघतं ते पाहिलंय का कधी. त्याने पाहिलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती गाडी धावली आणि ते इंजिन पुन्हा कधी उघडावं लागलं नाही. तरी गोष्ट मात्र पहिलीच राहिली. परवा शोकसभेतही एका गृहस्थांनी ती सांगितली, प्रेमाने, लोक हसले. मी खाली बघत बसले. जोगळेकरांना विचारून आता हे लिहिते आहे. ते म्हणाले, माझं नाव घाल.

गेल्या रविवारी कोइंबतूरहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. आत्याच्या घरामागे तिची शेड आहे. तिथे अजून तिचा कापडी ॲप्रन खिळ्याला आहे, सुती, डाग पडलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती काढून ठेवायची तेव्हा बाह्या उलगडायची नाही, पुन्हा लगेच घालायचाच असतो म्हणून. अप्पांनी गाडीवरचं कापड काढलं आणि विकणारे म्हणतात तसं म्हणाले, "बाईंची गाडी आहे. जपून वापरलेली, फार पळवलेली नाही."

"फार पळवलेली आहे," मी म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या माणसासमोर मी त्यांना कधी खोडून काढलं नव्हतं. मी सांगत राहिले. ट्रॅकवर पळवली आहे, दर मोसमात, इंजिनाच्या वेगाचा काटा लाल रेषेला टेकेपर्यंत, आणि तरी बेअरिंग चांगली आहेत, कारण खाली चेंबरमध्ये तिने दारं बसवली आहेत. विश्वास नसेल तर उघडून दाखवते. त्या गृहस्थांनी हसून अप्पांकडे पाहिलं, मुलीला आवरा अशा अर्थाने. अप्पांनी हातातलं कापड खाली ठेवलं आणि म्हणाले, "ती म्हणते तसंच आहे. पळवलेलीच आहे." आणि वर, "आम्हाला अजून विकायची आहे की नाही, ते बघावं लागेल."

ते गृहस्थ गेल्यावर मी ॲप्रन खिळ्यावरून काढला. बाह्या दुमडलेल्याच ठेवल्या, तसाच अंगात घातला आणि गाडीखाली गेले.