स्पीकर कुणी उचलायचा

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षकाकांनी पहिल्याच दिवाळीत मला आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मनातल्या मनात ताळा जमवून शाळेच्या हॉलमधल्या मोठ्या स्पीकरकडे बोट केलं. "तो स्टेजवर ठेव. तुम्हा लोकांना ओझ्याची सवय असते. रक्तातच असतं ते."

तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, हे विचारायची मला गरज नव्हती. नेमक्या याच वाक्याविरुद्ध मी कॉलेजात पत्रकं लिहिली होती, नागपूरच्या चौकांत उभी राहून वाटली होती. माझा बाप बँकेत कारकून. आमच्या घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पुस्तकांचं कपाट, आणि तेही कधी कुणी हलवलं नाही. मी स्पीकर वीतभर उचलला आणि पाठीत कळ आली.

"अमेरिकेत येऊन नाजूक झालीस की गं," काका म्हणाले. हॉल हसला.

पाठ बरी झाल्यावर मी जिममध्ये नाव घातलं. व्यायामाची आवड वगैरे काही नाही. मला तो स्पीकर त्या माणसाच्या डोळ्यांदेखत उचलायचा होता. कित्येक आठवडे नुसता रिकामा बार. मग अगदी बारक्या प्लेट. मंगळवार आणि शुक्रवार, ऑफिस सुटलं की, मूड असो नसो. दमले असेन तर वजन कमी करायचं, पण जायचं. राग महिनाभर पुरतो. पुढे सवयच लागते. हे मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीत मी स्पीकर उचलला आणि स्टेजवर ठेवला. काकांनी चक्क टाळी वाजवली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? रक्तात असतं यांच्या."

माझा वर्षभराचा घाम या माणसाने एका वाक्यात माझ्या आज्याच्या नावावर करून टाकला. मी आणखी जड उचललं तर त्याचंच म्हणणं आणखी पक्कं होणार. म्हणजे सूड घ्यायचा तर वजन माझ्या हातात असून भागणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी फराळाचे डबे भरताना त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हळूच म्हणाल्या, "मला जमेल का गं? खाली बसले की खुर्ची धरल्याशिवाय उठता येत नाही."

"जमेल," मी म्हणाले. माया वगैरे नव्हती. मला हत्यार मिळालं होतं.

काकूंनी सुरुवात केली ती नुसतं बाकावर बसण्या-उठण्यापासून. काका घरी म्हणायचे, "आपल्या घराण्यात कुणी हमाली केली नाही." काकू ते मला येऊन सांगायच्या आणि बारला हात घालायच्या.

"काकू, श्वास घ्या."

"घेतेय यार."

ते यार त्यांनी माझ्याकडून उचललं होतं. हिवाळ्यात पाऊस, चार वाजता अंधार, तरी त्या माझ्या आधी हजर. फ्लू झाला, तर बऱ्या झाल्यावर पुन्हा हलक्या वजनापासून. घाई मला होती. "दिवाळी कुठे पळून जात नाही," त्या म्हणायच्या. माझा डाव मी त्यांना कधी सांगितला नव्हता.

वजन चढायला वेळ लागला. मधली एक दिवाळी तशीच गेली. त्यानंतरच्या दिवाळीत स्पीकर तिथेच, काका तिथेच. "कुठे गेली आमची नागपूरची पैलवान?" त्यांनी हाक मारली.

मी जागची हलले नाही. काकू पुढे झाल्या. पदर खोचला, पाठ सरळ ठेवून खाली गेल्या, स्पीकर छातीशी घेतला आणि स्टेजवर ठेवला.

"काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे कुणाच्या रक्तातलं?"

उत्तर काकूंनी दिलं. "रक्तबिक्त काही नाही. मंगळवार आणि शुक्रवार." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, दुसरा स्पीकर राहिलाय. तो तुम्ही घ्या."

सगळे बघत होते, त्यामुळे त्यांना वाकावंच लागलं. पाठ गोल, गुडघे ताठ. काय चुकतंय ते मला दिसत होतं, काकूंनाही दिसत होतं. आम्ही दोघी काही बोललो नाही.