माझे साडू विरुद्ध चिलापी

तमाम खान्देशवासीयांना, विशेषतः गोड्या पाण्यात राहणाऱ्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की माझ्या थोरल्या साडूंनी एका माशाविरुद्ध युद्ध पुकारले आहे आणि ते अद्याप मागे घेतलेले नाही. माणसाला भाऊबंदांचा राग येतो, सरकारचा येतो, जावयाचा येतो. आमच्या साडूंना या सगळ्यांचा मिळून जेवढा आला असता तेवढा राग एकट्या चिलापीचा येतो. इतक्या निष्ठेने जगात कुणी प्रेमसुद्धा केलं नसेल.

पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती आहे. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणतो. आबा माळकरी, मासा कधी जिभेला लागलेला नाही. पण बाजाराच्या दिवशी नाकाला उपरणं लावून ते मासेवालीच्या टोपलीपुढे उभे राहतात आणि मेलेल्या चिलापीला जिवंत शिव्या देतात. "खाय ना आते दुसरासना अंडा!" मग येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून हा जन्माचा शाकाहारी गृहस्थ गळ्यातली तुळशीची माळ हलवत ओरडतो, "ल्या रे, ल्या! रोज खा! बठ्ठी खाई टाका, एक बी ठेवू नका!" मासेवालीचा माल यांच्या रागावर दुप्पट खपतो, म्हणून तिने एक स्टूलच आणून ठेवलंय. "आबा, बसीसन शिव्या द्या. घसा बसी जाई."

चिलापीचा गुन्हा ऐका. गावाच्या तळ्यात मरळ माशांची एक जोडी होती. पावसाळ्यात काठच्या पाणवेलींत ती घरटं करायची. पिलं निघाली की पाण्यावर लालसर ढग तरंगायचा आणि खाली आईबाप पहाऱ्याला. शेतातून परतताना आबा तिथे बसून राहत, जेवण निवलं तरी उठत नसत. मग चिलापी आली. तिने शेवाळ खाल्लं, वेली खाल्ल्या, किडे खाल्ले, शेजाऱ्यापाजाऱ्यांची अंडी खाल्ली आणि तळाला परातीएवढे खड्डे उकरून स्वतःचा संसार थाटला. मरळीला घरटं करायला काडी उरली नाही. "खोली मांगाले उनी," आबा दात खात सांगतात, "आनि मालकीनलेच भायेर काढी टाकं!"

त्यात गावातल्या बाया अमावास्येला माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. आता गोळी पडली की अख्खं तळं चिलापीच्या उघड्या तोंडांनी खदखदतं आणि बायांना वाटतं, काय पुण्य पावतंय! आबा पायरीवर उभे राहून गरजतात, "चोरले जेवाडीसन पुण्य भेटस का?" एका म्हातारीने शांतपणे विचारलं होतं, "आबा, तुम्हले बी एक गोळी देऊ का? तोंड तरी बंद व्हई."

हा राग पाण्यापुरता राहिला असता तर बरं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात वरण-बट्टी होती. नवऱ्यामुलाचे काका बट्टीवर बट्टी रिचवत होते. आबा पंगतीत मोठ्याने म्हणाले, "हाऊ बी चिलापीच शे!" लग्न झालं ते केवळ काकांना या माशाची ओळख नव्हती म्हणून.

एकदा जळगावहून त्यांच्याकडे गेलो असताना मी सहज विचारलं, "पण आबा, ही चिलापी तळ्यात आणली कुणी?" आबांनी एकदम गोठ्याकडे पाहिलं. भाकरी थापणाऱ्या माझ्या मेव्हणीने हात थांबवला. "सांगा ना पाव्हनासले! का मी सांगू?"

तिनेच सांगितलं. बाजारात एका कॅनमध्ये जिवंत मासे तडफडताना दिसले. आबांना दया आली. सुरीखाली जाण्यापेक्षा तळ्यात जगतील, म्हणून सगळा कॅनच उचलला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि गावादेखत जीवदान दिलं. मासा कोणता हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जीवदान देताना नाव-गाव कोण विचारतो?

मी पोट धरून हसलो. आबा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "मरळ माले वळखे, भाऊ."

गेल्या उन्हाळ्यात तळं आटलं आणि गाळ काढायचं ठरलं. आबा घरोघर फिरले. गाळाआधी चिलापी झाडून काढायची. मरळ उरली असेल तर पावसापर्यंत आबांच्या विहिरीत. उरली असेल तर! त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. जाळं ओढायला बोलावलेले दोघे मासेमार भाऊ टोपल्यांवर टोपल्या भरत होते, अन् गुडघाभर चिखलात उभे आबा प्रत्येक टोपलीला वेगळी शिवी देत होते. दुपारी थोरल्या भावाच्या पायाखाली चिखलात काहीतरी वळवळलं. मरळ! आबांनी ती ओल्या पोत्यात गुंडाळली आणि तान्हं बाळ न्यावं तशी स्वतः विहिरीत सोडून आले.

"आते तिना जोडीदार देखा," ते म्हणाले. ऊन उतरेपर्यंत सगळा चिखल चाचपला. जोडीदार नव्हता.

शेवटच्या डबक्यात शेवटची चिलापी निघाली. आबांनी ती दोन्ही हातांत उचलली. दिवसभराचा राग, वर्षानुवर्षांचा राग, सगळा आता तिच्यावर निघणार म्हणून आम्ही सरसावून उभे राहिलो. तिचा गळा फुगलेला होता. आबांच्या ओंजळीत तिने तोंड उघडलं आणि आतून बाजरीच्या दाण्यांएवढी पिलं सांडली. डोळे तेवढे दिसत होते.

"माय शे ती, आबा," थोरला भाऊ म्हणाला. "पोरे तोंडमा सांभाळस. तवलोंग काहीच खात नही."

आबांनी शिवीसाठी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं आणि ते बोटं आवळत होते. जाळेवाले थांबले, बाया थांबल्या, मीही माझा विनोद गिळला. मग आबा आमच्यावर कडाडले:

"बठ्ठा मन्हा तोंडाकडे काय देखतस? बादलीमा पानी टाका!"