डीडीटीचं पूर्ण नाव

दामू गेल्याचं कळलं तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच निघालो आणि अर्ध्या दाढीनं खापर गावात त्याच्या दारात उभा राहिलो. त्याची सून मला बघून रडता रडता हसली... दामूला आवडलं असतं.

एकोणीसशे साठच्या आगेमागे आम्ही दोघं मलेरियाच्या फवारणी पथकात होतो. दामू पायाखाली पंप दाबून धरत दट्ट्या मारायचा. मी नळी धरून कुडाच्या भिंतींवर डीडीटी उडवायचो. त्याच्याच गावची मुलगी त्यानं मला सुचवली होती, पण तिच्या वडिलांची अट: आधी नोकरी कायम, मग लग्न. कायम व्हायला साहेबांपुढे तोंडी परीक्षा, आणि साहेबांचा ठरलेला प्रश्न म्हणजे डीडीटीचं पूर्ण नाव.

नाव कसलं, मालगाडीच! डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन. मी दुसऱ्या क्लोरोपर्यंत यायचो, तिथून परत डायफिनाइलकडे वळायचो आणि घाण्याच्या बैलासारखा फिरत राहायचो. दामू वैतागला.

"आरे भाऊ, लगीन तुन्हं शे का मन्हं? घाई कसाले करी ऱ्हायना? एक दट्ट्या, एक तुकडा!"

मग तो दट्ट्या दाबी आणि मी म्हणे... डाय. क्लो. रो. डाय. फि. नाइल. गावोगाव भिंती पांढऱ्या होत गेल्या आणि एके दिवशी मी चक्क इथेनला उतरलो.

परीक्षेला नंदुरबारला साहेबांनी प्रश्न विचारला आणि माझी वाचाच बसली. हात मात्र आपोआप दट्ट्यासारखे वरखाली व्हायला लागले.

"हे काय चाललंय?"

प्रात्यक्षिकासाठी पंप घेऊन आलेला दामू दारातून म्हणाला, "साहेब, त्याले पंप लागस!"

साहेब हसले, आम्हाला अंगणात नेलं. दामूनं दट्ट्या मारला, मी तुकडे जोडत गेलो आणि इथेनच्या आनंदात नळी सोडली ती थेट साहेबांच्या बुटांवर. पांढरे बूट बघत साहेब म्हणाले, "नाव आलं. नेम शिक. जा, कायम!"

परवा बायको नि मी पुन्हा खापरला, तिच्या माहेरगावी गेलो. दामूची सून त्याच्या नातवाची झोळी हलवत होती. "बाबा काय तरी इंग्रजी म्हनीसन निजाडेत," ती म्हणाली, "माले येत नही." मी खाकरून पुढे सरसावतोय, तोवर बायकोनं दोरी घेतली. एक झोका, एक तुकडा... न अडखळता इथेनपर्यंत. पोर झोपलं.

मी बघतच राहिलो. "तुला कुणी शिकवलं?"

"दामूभाऊंनी. लग्नाआधीच." ती झोका न थांबवता म्हणाली, "तुम्ही नापास झाला असतात, तर त्या नोकरीला मीच जाणार होते."